आचाऱ्याला मारायची परवानगी

आमच्या साडूंनी आजवर दीडेक डझन माणसं मारली आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन, चहा पिऊन, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मारली आहेत. या बाबतीत त्यांच्याइतका सभ्य माणूस साऱ्या मराठवाड्यात सापडायचा नाही. हातात खारीचा पुडा घेऊन ते दारात उभे राहतात, चपला जोडीनं काढून ठेवतात, पाणी पितात, घरातल्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करतात, आणि मग मांडीवर दोन्ही हात ठेवून, मुलगी मागायला आल्यासारख्या पडेल आवाजात म्हणतात, "तुमच्या संदीपला येत्या मंगळवारी मारावं म्हणतो. आपली हरकत नसेल तर." संदीपची आई हातातली बशी खाली ठेवते. मग साडू तिला सगळं नीट समजावून सांगतात. किती वाजता मारणार, कशानं मारणार, किती रक्त सांडणार, शर्टावरचे डाग कशानं निघतात. शेवटी ती माउली म्हणते, "बरं, पण मंगळवारी त्याचा उपास असतो, बुधवारी मारा." साडू वहीत बुधवार लिहून घेतात.

ही सगळी माणसं सिनेमात मारली आहेत, हे लगेच सांगून टाकलेलं बरं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या दुकानात बसून त्यांनी तीस वर्षं लग्नांचे व्हिडिओ काढले. पुढे ड्रोन उडवणारी पोरं आली, नवरा-नवरीला लग्नाआधीच दौलताबादच्या किल्ल्यावर पळवायला लागली, आणि साडूंना येणारी बोलावणी आटली. अशा वेळी माणूस देवदर्शनाला लागतो, नाहीतर नातवंडं सांभाळतो. साडूंनी उन्हाळी शिबिराला आलेल्या पोरांना एकेक करून मारणारा सिनेमा काढला. त्याचं नाव 'शेवटची पंगत'. मी उभा जन्म शाळेत मराठी शिकवलं. असल्या सिनेमांकडे मी ढुंकूनही पाहत नाही. तरी त्यात नवव्या मिनिटाला मारला जाणारा संस्कारवर्गाचा शिक्षक मी आहे, आणि नवव्याच मिनिटाला का, हा प्रश्न मी साडूंना अजून अधूनमधून विचारतो.

परवानगीची ही पद्धत त्यांनी उगीच काढलेली नाही. अगदी सुरुवातीला त्यांनी हात बसावा म्हणून शेजारच्या मुलीला (तिला मी वर मोजलेलं नाही) मारून पाच मिनिटांची एक फिल्म केली होती. ती कुणीतरी मोबाइलवर पाठवली, आणि त्या मुलीच्या आजीनं ती पाहिली. म्हातारीला सिनेमा वगैरे काही सांगितलेलं नव्हतं. ती जी खाली बसली ती तीन दिवस जेवली नाही. नात समोर उभी राहून "आजी, मी आहे गं" म्हणत होती तरी तिच्या गालावरून हात फिरवून पुन्हा रडत होती. साडूंना त्या गोष्टीचा फार त्रास झाला. तेव्हापासून नियम ठरला: घरच्यांना कळल्याशिवाय कुणाला मारायचं नाही. माझ्या वेळी ते आमच्याकडेही आले होते. मी समोर खुर्चीत बसलेलो असताना माझ्याकडे न बघता माझ्या बायकोला म्हणाले, "सुधा, सरांना मारायचं म्हणतोय." ती म्हणाली, "मारा की भाऊजी, फक्त तो नवा स्वेटर घालून जाऊ देऊ नका." मे महिना होता. मी स्वेटर घालणारच नव्हतो, पण एवढ्या चर्चेत मला कुणी एक शब्द विचारला नाही.

फक्त पूनमच्या आईनं परवानगी नाकारली. "रंगानं भरवा, पाडा, काय करायचं ते करा, पण माझ्या पोरीला मरू देणार नाही," असं तिनं दारातच सांगितलं. साडूंनी खारीचा पुडा तिथेच ठेवला आणि परत आले. नियम म्हणजे नियम. त्यामुळे 'शेवटची पंगत'मध्ये पूनम कपाळाला पट्टी बांधून सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दगडावर बसलेली आहे, आणि खुनी दर वेळी तिच्या अंगावरून पुढे जाऊन दुसऱ्याच कुणाला तरी मारतो. पाहणाऱ्यांना वाटतं, यात काहीतरी गूढ आहे. यात फक्त तिची आई आहे.

सिनेमाची गोष्ट साडूंनीच लिहिली. वेरूळच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एक शिबिर भरतं. तिथला आचारी पहाटेपासून राबून शंभर माणसांचं जेवण करतो, आणि शहरातली पोरं पानात टाकून उठतात. एक दिवस आचाऱ्याचं डोकं फिरतं. तो पळसाच्या पत्रावळीला दोन भोकं पाडून ती तोंडावर बांधतो, आणि ज्यानं ज्यानं पानात टाकलं त्याला त्याला गाठतो. "भीती तर वाटलीच पाहिजे, पण घरी जाऊन पोरानं पानही स्वच्छ केलं पाहिजे," असं साडू गंभीरपणे सांगतात. आचाऱ्याच्या हातात त्यांनी आधी विळी दिली होती. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की विळीवर काही चिरायचं तर ते विळीपाशी आणावं लागतं. मारायच्या माणसानं आपण होऊन येऊन समोर बसायला हवं. दुपारपर्यंत तसं करून पाहिलं, मग विळी साडूंच्या घरच्या स्वयंपाकघरात परत गेली आणि लग्नाच्या बुंदीचा मोठा झारा आला.

चित्रीकरण सगळं भर दुपारी. रात्रीचे दिवे परवडत नाहीत, म्हणून साडू भिंगावर निळा कागद लावतात आणि मे महिन्यातल्या बाराच्या उन्हाची मध्यरात्र करतात. आम्ही डोक्यावर रणरणतं ऊन घेऊन, हातात पेटलेली बॅटरी धरून, कुडकुडत चाललेले असतो. रक्त आमच्या मेव्हणीबाई म्हणजे ताई करतात. बीट शिजवून, त्यात काकवी घालून, ढवळून झाल्यावर सवयीनं चव बघतात. त्या रक्तावर डोंगरातल्या झाडून साऱ्या माश्या येतात. मी मेलेला असताना माझ्या नाकावर एक बसली. मी जरा, अगदी जराच, नाक उडवलं. लगेच मुनीरभाईंचा आवाज आला, "सर, फिर से मरना पडेंगा. नाक हिलाए आप." मुनीरभाई मांडवाला रोषणाई करणारे, साडूंचे जुने जोडीदार, सिनेमात ते निळा कागद धरतात. त्यांच्यामुळे मी चार वेळा मेलो. शिवाय साडूंची तीस वर्षांची सवय जाता जात नाही. कुणी किंकाळी फोडायला तोंड उघडलं की ते कॅमेऱ्यामागून म्हणतात, "इकडं बघा, जरा हसा." खून झाला की त्यांचा कॅमेरा आपोआप पाहुण्यांच्या रांगेवरून फिरतो, आणि मधूनच एखाद्या वयस्कर बाईवर प्रेमानं थांबतो.

तो आचारी म्हणजे लक्ष्मणदादा. सिल्लोडच्या पलीकडे त्यांचं गाव. तीस वर्षं वऱ्हाडाच्या गाड्या चालवल्या. साडू आणि त्यांचा कॅमेरा फुलंब्री, कन्नड, अजिंठ्यापर्यंत गावोगाव ज्या जीपमधून गेले, ती जीप दादांची. नवरदेवाच्या आधी पोचायचं आणि नवरी सासरी गेल्यावर निघायचं, या दोघांचं आयुष्य असं शेजारी शेजारी बसून गेलं. दादा उंच, रुंद, दारातून वाकून आत येणारे, आणि पालीला इतके घाबरणारे की भिंतीवर चुकचुक झाली की गाडीत जाऊन बसायचे. पत्रावळ बांधून झारा उचलला की मात्र खरंच भीती वाटे. मला मारताना त्यांनी आधी कानात विचारलं होतं, "सर, मान आखडत नाय ना तुमची?" एवढं जपून मला आयुष्यात कुणी काही केलेलं नाही.

पहिला भाग लोकांनी मोबाइलवर बराच पाहिला. शहरात तर चौकात पोरं मला ओळखून "सर, पान साफ करा" म्हणायला लागली. पण लक्ष्मणदादांच्या गावात त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवीना. तोंडावर पत्रावळ, आवाज नाही, एक वाक्यसुद्धा नाही. पारावर बसलेली माणसं म्हणायची, "व्हय व्हय, आमीबी त्येच्यात घोडा व्हतो." दादा हसून सोडून द्यायचे. पण आतून त्यांना ते लागलं होतं. साडूंना ते म्हणाले, "भाऊ, दुसरा भाग काढ. त्येच्यात मला मार. पण तोंड उघडं ठेवून मार. गावानं बघितलं पायजे, ह्यो लक्ष्मण हाय."

दुसरा भाग काढायला साडू एका पायावर तयार होते. अडचण एवढीच होती, की पहिल्या भागात त्यांनी पूनम आणि आचारी सोडून सगळ्यांना मारून टाकलं होतं. पुढचा विचार केलाच नव्हता. नवी माणसं कुठून आणायची? आम्हीच होतो. चार दिवस ते दुकानाच्या जिन्याखाली डोकं धरून बसले, आणि मग त्यांनी मार्ग काढला: दुसऱ्या भागात मेलेल्यांचे नातेवाईक त्याच शिबिराच्या जागी वर्षश्राद्ध घालायला जमतात. सगळे मेलेले लोक आपापले सख्खे भाऊ झाले. मी मिशी लावून माझा धाकटा भाऊ झालो आणि माझ्याच फोटोला हार घालताना साडूंनी सांगितल्यामुळे खरोखर रडलो. श्राद्धाच्या पंगतीतही लोक पानात टाकतात, आचारी पुन्हा येतो, आणि शेवटी पूनम त्याच्याच झाऱ्यानं त्याला मारते, अशी गोष्ट. गेल्या मे महिन्यात काम सुरू झालं. सोळा दिवसांत शेवटचा प्रसंग सोडून सगळं झालं. मी या वेळी चाळिसाव्या मिनिटाला मेलो, ही प्रगतीच म्हणायची.

शेवटच्या प्रसंगाच्या आदल्या दिवशी दादांना चढावर धाप लागली आणि ते मध्येच खाली बसले. पायांवर सूज होती. शहरातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासून कौसावहिनींना, म्हणजे दादांच्या बायकोला, बाहेर बोलावलं आणि सांगितलं की हृदय पार थकलं आहे, ऑपरेशन झेपणार नाही, औषधांवर जेवढे दिवस निघतील तेवढे आपले. त्यांना काय हौस असेल ती करू द्या. दादांना हौस एकच होती. दवाखान्याच्या खाटेवरून त्यांनी साडूंचा हात धरून विचारलं, "मग मला कवा मारणार तू?"

आणि इथे साडू अडले. ज्या माणसानं दीडेक डझन माणसं बीट आणि काकवीत लोळवली, त्याला हे एक मरण काढवेना. आज ऊन नीट नाही, उद्या कॅमेऱ्याची तपासणी आहे, परवा पूनमची परीक्षा आहे. मी म्हणालो, "सिनेमा तसाच संपवा, आचारी डोंगरात निघून गेला म्हणा." ते म्हणाले, "त्यांना मरण हवंय, सर. तोंड दिसेल असं. मी कबूल केलंय." मुनीरभाई म्हणाले, "दादा खुद हाँ बोलरे ना, फिर काय का टेन्शन?" साडू म्हणाले, "घरी विचारायला हवं." तेवढ्यावरून आम्हाला कळलं की घोडं कुठे अडलंय. दादांच्या बायकोनं नुकतंच दवाखान्याच्या दारात जे ऐकलं होतं, तेच हा माणूस खारीचा पुडा घेऊन तिला विचारायला जाणार होता.

जून गेला. साडू एकदा गावी जाऊन आले. कौसावहिनींनी भाकरी-पिठलं वाढलं. मक्याबद्दल, रस्त्याबद्दल, मुंबईला कामाला असलेल्या त्यांच्या मुलाबद्दल बोलणं झालं. साडू उठले आणि परत आले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा वहिनींनी सरळ विचारलं, "काय काम काढलं, भावजी?" तर म्हणाले, "काही नाही, इकडून चाललो होतो." दादांचं गाव रस्त्याच्या टोकाला आहे, तिथून पुढे फक्त डोंगर. तिकडे दादा घरात बसल्या जागी वाळत चालले होते, आणि इकडे साडूंना त्या सोळा दिवसांचं चित्रण उघडून बघवत नव्हतं. मला त्यांचा राग आला होता. मरणाऱ्या माणसाची एक गोष्ट करायची आणि तीही आपल्याला वाईट वाटतं म्हणून लांबवायची, हा मला शुद्ध स्वार्थ वाटला, आणि मी तसं बोललोही. श्रावणात एका सकाळी साडू माझ्या दारात येऊन म्हणाले, "सर, तुम्ही चला बरोबर."

दादा आतल्या खोलीत झोपले होते. वहिनी ओसरीत शेंगा फोडत होत्या. साडूंनी चपला जोडीनं ठेवल्या, पाणी प्यायले, मांडीवर हात ठेवले, आणि मग सुपातली एक शेंग उचलून फोडायला लागले. खारीचा पुडा मांडीवरच राहिला. मी बोलावं तर तो माझा मान नव्हता. वहिनींनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"भावजी, तीनदा आलात. कशापायी येता, मला ठावं हाय. सगळ्या मयतांच्या घरी जाऊन आलात तुमी, ह्यांनीच सांगितलंय." त्यांनी हातावरची टरफलं झटकली. "डॉक्टरनं मला सांगितलं तवा सांगून मोकळा झाला. त्येनं मला इचारलं नाय. देवबी इचारणार नाय. तुमी इचारायला तरी आलात."

साडूंनी आणखी एक शेंग फोडली.

"मारा," वहिनी म्हणाल्या. "पर मी येणार बघायला. आन् चढावर त्यांना हाताला धरून न्यायचं नाय. आपल्या पायानं जाऊ द्या, बसत बसत जातील."

आतून दादांचा आवाज आला, "काय ठरलं?" वहिनी म्हणाल्या, "शुक्रवार." साडूंनी वही आणली नव्हती. परतीच्या वाटेवर फुलंब्रीला गाडी थांबवून त्यांनी तो खारीचा पुडा एकट्यानं संपवला.

तीन महिने टाळल्याचा व्हायचा तो परिणाम झालाच होता. मे महिन्यात करपलेला तो डोंगर आता हिरवागार झाला होता. सिनेमात पूनम पळत सुटते तेव्हा वाळकं गवत आहे, आणि दोन पावलांनंतर गुडघाभर हिरवळ. पुढे कुणी विचारलं तर साडू शांतपणे सांगत, "श्राद्ध बरेच दिवस चाललं." त्या दिवशी मात्र कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. दादा पांढरी बंडी घालून, खांद्यावर पंचा टाकून, चार ठिकाणी दगडावर बसत, पण आपल्या पायांनी वर आले. वहिनी दहा पावलं मागे होत्या. त्यांनी एकदाही हात पुढे केला नाही.

पंगत मांडली. आम्ही नातेवाईक पानांवर बसलो. दादा चुलीमागून आले, आणि पूनमनं झारा उगारला तेव्हा ठरल्याप्रमाणे त्यांच्या तोंडावरची पत्रावळ गळून पडली. पुढे त्यांनी नुसतं पडायचं होतं. साडूंनी त्यांना वाक्य दिलेलं नव्हतं. पण दादा पडले नाहीत. ते पंगतीतून हळूहळू चालत गेले, एकेका पानाकडे वाकून बघत. माझ्या पानापाशी थांबले. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. मग चुलीपाशी परत जाऊन, आमच्याकडे बघून म्हणाले, "पानं स्वच्छ हायेत. माझं काम झालं." आणि सावकाश, पोतं उतरवावं तसे, खाली झाले.

मी चाळीस वर्षं मुलांना अभिनय, वक्तृत्व, नाट्यवाचन शिकवलं. असं मरण मी पाहिलेलं नाही. पूनम झारा टाकून रडत होती, आणि ते गोष्टीत नव्हतं.

आता साडूंनी 'कट' म्हणायला हवं होतं. ते म्हणेनात. अर्धं मिनिट गेलं, एक मिनिट गेलं. मुनीरभाई निळा कागद धरून त्यांच्याकडे बघत होते. मला आधी वाटलं, विसरले. मग दिसलं की त्यांनी कॅमेरा दादांवर रोखून तिथेच धरला आहे. भिंगातून बंडी बघत होते. ती वरखाली होते आहे की नाही, एवढंच बघत होते. कट म्हटलं आणि दादा उठले नाहीत तर काय, याची त्यांना भीती वाटत होती. आणि कॅमेरा चालू आहे तोवर ते सगळं सिनेमातलंच राहणार होतं. शेवटी जमिनीवरच्या मेलेल्या आचाऱ्यानं एक डोळा उघडला.

"भाऊ," दादा म्हणाले, "झालं का नाय? मुंग्या चावायल्यात."

कौसावहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि मग आम्ही सगळेच.

साडूंनी सिनेमा पंधरा दिवसांत जोडला. त्यांच्या दुकानात मी आणि मुनीरभाईंनी तो पाहिला. आचारी मरतो, शांतता पसरते, आणि आता शेवटची नावं येणार तोच आचारी एक डोळा उघडून विचारतो, "झालं का नाय?" मी म्हणालो, "एवढं काढून टाका. सगळ्या मरणाची माती होते." मुनीरभाई म्हणाले, "सर बरोबर बोलरे, भाई. काटो." साडू म्हणाले, "राहू द्या." मी मराठीचा शिक्षक म्हणून त्यांना करुण रसाबद्दल पाच मिनिटं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा मागवला.

नवरात्रात दादांच्या गावी, मारुतीच्या देवळासमोरच्या मैदानात, मुनीरभाईंनी पांढरा पडदा लावला. संध्याकाळी सगळं गाव आलं. दादांना खुर्ची दिली होती, पायांवर गोधडी. पत्रावळ गळून पडली आणि पडदाभर त्यांचा चेहरा दिसला तेव्हा जो गलका झाला तो मी जन्मात विसरणार नाही. पारावरची ती माणसं उभी राहून ओरडत होती, "लक्षाच हाय! आपला लक्षा हाय!" आणि आचाऱ्यानं डोळा उघडल्यावर तर शिट्ट्यांचा पाऊस पडला. त्या मुंग्यांचं वाक्य कुणाला ऐकूच आलं नाही. गावानं आपला अर्थ लावला: आचारी मेलेला नाही, तिसरा भाग येणार. दोन बाया आपल्या पोरांना पुढे ढकलत दादांपाशी आल्या, "ह्येला सांगा हो, पानात टाकत जाऊ नगं म्हणून." दादांनी त्या पोरांकडे डोळे वटारून बघितलं. पोरं आयांच्या मागे लपली, आणि दादांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते बघून मला करुण रसाबद्दलचं माझं सगळं बोलणं परत घ्यावंसं वाटलं. मी तिथेच साडूंना तसं सांगितलं. ते म्हणाले, "सर, मला बाकी काही सुचत नव्हतं हो. फक्त त्यांनी डोळा उघडलेला मला कापवेना."

दादा दिवाळीच्या आधी गेले. सकाळी चहा घेता घेता, पुरती धापही न लागता. दहाव्याला आम्ही गेलो तर तिथेही दोघातिघांनी साडूंना बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, की पिच्चरमधला आचारी तर जिवंत आहे, मग तिसऱ्या भागाचं कसं. साडू सगळ्यांना म्हणत होते, "बघू."

त्यानंतर महिन्याभरानं कौसावहिनींचा फोन आला. त्या म्हणाल्या, "भावजी, त्येंनी डोळा उघडला, त्येच्या फुडचं काय हाय का तुमच्याकडं?"

होतं. साडूंनी ते आम्हालाही सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी सगळे हसायला लागले तेव्हा साडूंनी कॅमेरा त्याच्या तीन पायांच्या तिकाटण्यावर तसाच सोडला होता आणि दादांना उठवायला धावले होते. कॅमेरा मागे आपला चालूच राहिला. सतरा मिनिटांचं चित्रण होतं. दुसऱ्याच दिवशी ते लॅपटॉपवर घेऊन आम्ही निघालो. वहिनींनी ओसरीत मक्याच्या पोत्यावर जागा करून दिली. साडूंनी लावलं.

त्यात काही घडत नाही. दादा उठून बसतात. वहिनी त्यांच्या पाठीवरच्या मुंग्या झटकतात. दादा बंडीवरचं रक्त बोटानं चाटून बघतात आणि ताईंना सांगतात की गोड जरा कमी करा. साडू पलीकडे तोंड करून उभे आहेत, दादा त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणतात, "रडतो काय येड्या, मी मेलो का?" मग सगळे पंगतीतलंच जेवण खरोखर जेवायला बसतात. दादा ठेचा मागतात, वहिनी देत नाहीत, ते माझ्या पानातला उचलतात. मला ते आठवतही नव्हतं. बराच वेळ नुसतं जेवण चाललेलं दिसतं. मग दादा हात धुऊन, पंच्याला पुसत, थेट कॅमेऱ्याकडे येतात, वाकून म्हणतात, "आरं, ह्येचा दिवा चालूच हाय की," आणि त्यांचा पंजा सगळा पडदा भरून टाकतो.

वहिनी काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"अजून?" त्यांनी विचारलं.

तीस वर्षं लोकांना त्यांची लग्नं कापून, गाळून, आटोपशीर करून देणारे आमचे साडू म्हणाले, "नाही वहिनी. एवढंच आहे."

वहिनींनी मान हलवली. पदरानं पडद्यावरची धूळ पुसली, पोत्यावर जरा नीट सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "मंग पयल्यापासून लावा."

साडूंनी पुन्हा लावलं.